उधारीचे गाऱ्हाणे

१८ जानेवारी २०२५. डोंगरावरच्या तंबूत एक रात्र, माणशी १,१७५ रुपये. घाटकोपरचा माझा शेजारी लवू परब साकीनाक्याच्या कारखान्यातून निवृत्त झाला, म्हणून त्याचा मुलगा सर्वेश आईवडिलांना आणि मला घेऊन गेला.

लवू तंबूच्या दारातच थांबला; कोकणच्या रिवाजाप्रमाणे त्याला आधी जागा राखणाऱ्या देवाची परवानगी हवी होती. “हयच्या राखणदाराक इचारल्याशिवाय मी झोपूचंय नाय.”

“अवो, पन नारळ खंय आसा?” रुक्मिणीवहिनींनी विचारले.

वजन नको म्हणून सर्वेशने तो पिशवीतून काढून घरीच ठेवला होता. मग लवूने हात जोडून राखणदाराला उधारीवरच गाऱ्हाणे, म्हणजे साकडे, घातले.

“देवा म्हाराजा, आज हात रिकामे आसत. सगळी सुखरूप घराक पोचली तर मी सोता येवन तुका नारळ देयन.”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हटले.

परवानगी मिळाल्यावर लवू रात्रभर घोरला. जागरण आम्ही केले.

रविवारी सगळे सुखरूप घरी पोचलो. लवूची पाठ मात्र धरली आणि पुन्हा तंबूत जाणार नाही असे त्याने जाहीर केले.

“बाबा, नारळ मी देऊन येतो ना,” सर्वेश म्हणाला.

“गाऱ्हाण्यात मी सोता म्हटलंय रे.”

राखणदाराचा एक नारळ अजून देणे आहे.