गावची यादी, पुण्याचा नळ

कळंबजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मतदारांना न्यायला पुण्याला गाड्या येतात. पुण्यातली आमची गल्ली सगळी गावाकडचीच. मत टाकायचं आणि परत यायचं. गावच्या मतदार यादीतून नाव काढलं की गाव आपल्याला परकं करील, ही भीती प्रत्येकाला. मलाही होती.

गल्लीत नळ नव्हता. आई मोठा रस्ता ओलांडून पाण्याच्या खेपा घालायची. मी वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढलेली. अर्ज लिहायला कधी कचरले नाही. खासदारांना लिहिलं. त्यांच्या कार्यालयानं आमदारांकडे पाठवलं, आमदारांच्या माणसानं महापालिकेकडे बोट दाखवलं. प्रभागाचे चारही नगरसेवक मुदत संपून माजी झालेले, तरी कार्यालयं थाटलेली. त्यातल्या एका कार्यालयातल्या माणसानं अर्ज न वाचताच विचारलं, "गल्लीत मतं किती?"

एकही नव्हतं. शहराची गटारं आम्ही उपसायची, आणि शहराच्या हिशेबी आम्ही नव्हतोच.

मी घरोघर बसून मतदार यादीतलं नाव गावाहून पुण्याला हलवायचे अर्ज भरले. मग गावी गेले, कारण ग्रामपंचायतीचे सदस्य असलेले चुलते निवडणुकीला पुन्हा उभे राहणार होते. त्यांना तोंडावर सांगायचं होतं.

"लई पुणेकरीण झालीस व्हय?" चुलते म्हणाले. "तुमची गल्ली गेली तर मी पडलो."

"काका, तुम्ही निवडून आलात तर आईची एक तरी खेप कमी होईल का?"

"आन् तिथला नगरसेवक देतोय व्हय नळ?"

"न्हाय देणार. पण न्हाय म्हणायला त्याला आमच्या दारात यावं लागंल."

चुलती आतून म्हणाली, "खरंय तिचं. तुम्ही तरी इथल्या नळाचं काय केलंत?"

चुलते थोडक्या मतांनी पडले. आई रडली. मला वाईट वाटलं, पण केलं ते चुकलं असं आजही वाटत नाही.

महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा तोच माणूस यादी घेऊन गल्लीत हजर. त्याचा उमेदवार निवडून आला. नळ अजून नाही. दर सोमवारी आम्ही बाया त्या कार्यालयात जाऊन बसतो. आता मतं कुणी विचारत नाही, चहा विचारतात.

"चहाला पाणी कुठनं आणता, साहेब?" आई म्हणते. "ती लाईन आमच्याकडं वळवा. तवर आमी हितंच बसतो."