कादिर परकारची म्हातारी डॉज

सौदीतल्या कतीफच्या गॅरेजमध्ये सगळ्यांत बडबड्या माणूस कोण, तर कादिर परकार. पण त्या शुक्रवारी सकाळपासून त्याच्या तोंडून शब्द फुटेना! हर्णैहून बायकोचा, सफूराचा, व्हिडिओ कॉल आला, तर पठ्ठ्याने फोन ट्रकच्या बॉनेटला टेकवला आणि हातातलं फडकं काही सोडलं नाही.

"अहो, मला बघताय की तिला?" सफूरा फणकारली. "माझी साधी विचारपूस नाही, आणि त्या म्हातारीला मात्र रोज न्हाऊमाखू घालता!"

"आज तिची परीक्षा आहे गं. दुआ कर."

म्हातारी म्हणजे १९५१ सालची डॉज पॉवर वॅगन. महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी चारही चाकांनी ओढणारे दणकट ट्रक बनवले होते. युद्ध संपल्यावर त्याच सांगाड्यावर बंद केबिन चढवून ते लोकांना विकायला काढले, आणि तेल शोधणाऱ्यांबरोबर ते या वाळवंटातही आले. कादिरचा कफील, म्हणजे त्याला व्हिसा देऊन कामावर ठेवणारा मालक, अबू फहद. त्याचे वडील हाच ट्रक हाकत तेलाच्या विहिरी खोदणाऱ्यांना पाणी पोचवायचे. ते गेले आणि ट्रक खजुराच्या बागेत गंजत पडला. कादिरने सुट्ट्या मोडून, रक्त आटवून तो उभा केला. आता अबू फहदच्या डोक्यात खूळ शिरलं, की जुनं इंजिन फेकायचं आणि रियाधहून नवं आणून बसवायचं!

"मग उरलं काय? नुसता पत्रा?" कादिर कळवळला. हातापाया पडला, तेव्हा कुठे कफील म्हणाला, "शुक्रवारी अबकैकच्या वाटेवरची वाळूची टेकडी चढवून दाखव. चढली तर हेच इंजिन. नाही चढली तर खलास."

दुपारी कादिरने पायाखालचा स्टार्टर दाबला. म्हातारी खाकरली, थरथरली आणि निघाली की हो चढणीला! काय तो आवाज, काय तो रुबाब! कादिर आनंदाने ओरडत होता. आणि अर्ध्यावर फट् फट् करून इंजिन बंद.

कादिरने बॉनेट उघडलं, तर पेट्रोलची तापलेली नळी हात लावू देईना. उन्हाने नळीतच पेट्रोलची वाफ झालेली, पंप बिचारा ओढणार काय? मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या नळीला गोणपाटाच्या काळ्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. गाडी चकाचक करायच्या नादात त्यानेच त्या ओरबाडून कचऱ्यात टाकल्या होत्या. अरे गाढवा, ती घाण नव्हती! जुने ड्रायव्हर त्याच चिंध्या भिजवून नळी थंड ठेवत होते.

तेवढ्यात पायथ्याशी थांबलेला अबू फहद धापा टाकत वर आला. "संपलं?"

"संपलं कसं? कापड हवं. तुमच्या वडिलांनी बांधलेलं मी मूर्खाने फेकलं!"

कफीलने डोक्यावरचा इस्त्रीचा पांढराशुभ्र रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि स्वतःच नळीला गुंडाळायला वाकला. नळी निवेपर्यंत दोघेही अंगावर पाणी उडवून घेत तिथेच उभे राहिले.

"बसा आता!" कादिरने चक्क कफीलला हुकूम सोडला.

स्टार्टर दाबला. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा म्हातारी गरजली! "यल्ला!" दोघेही एकदम ओरडले. चाकं वाळू उधळत होती, केबिन खुळखुळत होती, कादिर स्टिअरिंगला बिलगून "चल माझे बाय, चल!" करत होता. आणि समोर एकाएकी नुसतं आभाळ आलं. टेकडी संपली होती.

कादिरने इंजिन चालूच ठेवलं. बंद करायची छातीच होईना. अबू फहद खाली उतरला नाही. डोळे पुसून त्याने खिशातून फोन काढला आणि रियाधच्या माणसाला लावला.

"ते नवं इंजिन पाठवू नकोस," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, तसा त्याने फोन कादिरच्या बाजूला, धडधडणाऱ्या बॉनेटकडे धरला. "ऐकतोयस ना? आमच्या दोघांचं चालू आहे."