पुतळाबाईच्या होडीवरचा आठ

उजनीच्या पाण्यात आमच्या इंदापूर तालुक्यातली गावंच्या गावं गेली, त्यात पुतळाबाईचं रानही गेलं. दुसरी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. हिनं पत्र्याची होडी घेतली, वल्हं मारायला शिकली आणि हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना पाण्यावर फिरवायला लागली. साक्षरता वर्गात अंक गिरवल्यावर पहिलं काम काय केलं, तर होडीच्या कडेला पांढऱ्या रंगानं हा मोठ्ठा '८' काढला. आठ माणसं. नववं घेणार नाही म्हणजे नाही.

तो आठ तिनं हवेतनं आणला नव्हता. माणसाच्या वजनाची वाळूची पोती भरून तिनं ती एकेक करून होडीत टाकली आणि कडा पाण्याच्या वर वीतभर उरली तिथं थांबली. पोती झाली दहा. मग म्हणाली, त्यातली एक जागा वाऱ्याची, एक लाटेची. आम्ही पोट धरून हसलो. मी सगळ्यात जास्त, कारण मी मानसिंगरावांचा ट्रॅक्टर चालवायचो, आणि आम्हा ऊसवाल्यांना वजनाचं भ्या कधी वाटलंच नाही. ट्रॉली दहा टनाची असली की आम्ही सोळा भरायचो आणि गाणी म्हणत कारखान्याला जायचो.

शहाण्णव सालच्या जानेवारीत मानसिंगराव आपल्या छकुली नावाच्या लेकीला, नव्या जावयाला आणि बारामतीच्या व्याह्यांना घेऊन पाण्यावर आले. मला धरून चौदा जण. पुतळाबाईनं दोन खेपा कराव्या लागतील म्हणून सांगितलं. झालं! व्याह्यांसमोर बाई आपल्याला अडवते म्हटल्यावर रावांचा पारा चढला. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं.

"एका खेपंत न्हेणार नसशील, तर उद्यापास्नं ही होडी हितं लागायची न्हाय," ते म्हणाले.

त्या होडीवर तिची चूल पेटायची. पण तोंड उघडायची माझी छाती झाली नाही, खोटं कशाला बोलू? पुतळाबाई म्हणाली, बसा खुशाल, पण आधी होडी खुंटीला बांधलेलीच राहील, हितं गुडघाभर पाण्यात. आणि पाच बायका काठावर थांबतील, त्यांच्या जागी पाच पोती.

आम्ही नऊ गडी चढलो. पोती आली. होडी दबली, तरी कडा चार बोटं वर राहिली. रावांनी मिशीवर हात फिरवला आणि चौदाच्या चौदा मावली का नाही, म्हणून तिला विचारलं.

तेवढ्यात उजव्या अंगाला रोहितांचा थवा उठला. आणि मी गाढव, "ते बघा" म्हणून हात केला. नऊच्या नऊ गडी उजवीकडं वाकले. कडेवरनं पाणी आत आलं ते थांबेचना. ओरडायलाही सवड मिळाली नाही. होडी आमच्यासकट सरळ तळाला बसली. व्याह्यांचे इस्त्रीचे कपडे, जावयाचा नवा कोट, रावांचं धोतर, बसल्या जागी सगळं कमरेपर्यंत पाण्यात!

काठावर छकुली पदर तोंडाला लावून हसत होती. राव तिच्याकडं बघत राहिले, मग शेजारी भिजलेल्या जावयाकडं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

पुतळाबाई हळूच म्हणाली, "हितं गुडघाभर हाय, मानसिंगराव. मधी दोन पुरुष पाणी हाय."

व्याह्यांनीच आधी बाह्या सरसावल्या. आम्ही पोती काढली, डब्यांनी पाणी उपसलं, होडी वर घेतली. पहिल्या खेपेला बायका, जावई आणि आणखी दोघं असे आठ जण गेले. पुतळाबाई ताठ बसून वल्हं मारत होती आणि माझा ऊर भरून आला. जिंकली होती बाई, आवाज जराही न चढवता!

दुसऱ्या खेपेला आम्ही पाच जण बसलो. राव ओल्या धोतरानं काठावरच उभे. पुतळाबाईनं त्यांना या म्हटलं. सगळा गाव ज्यांना विचारून पाऊल टाकायचा, त्या मानसिंगरावांनी एक पाय उचलला, तो तसाच धरला आणि विचारलं,

"मला धरून किती व्हत्यात, पुतळाबाई?"

"सहा."

मग ते बसले.