वडीगोद्रीत परत गेलेला ग्लास

गेल्या महिन्यात भाच्यासाठी मुलगी बघायला वडीगोद्रीला गेलो होतो. तिथे माझ्या एका सद्गुणामुळे सोयरीक मोडता मोडता राहिली...

सद्गुण असा, की दिवाळीपासून मी कोल्ड्रिंक सोडलंय. त्याआधी रोज पेपरला बातमी पाठवली, की अंबडच्या बसस्टँडसमोर उभं राहून एक काळी बाटली रिचवायची, ही माझी सायंसंध्या होती. पित्ताने झोप उडवली तेव्हा संध्या बंद केली.

दारू सोडणाऱ्याचा लोक सत्कार करतात, कोल्ड्रिंक सोडणाऱ्याची चौकशी करतात, हे तेव्हा कळलं. दुकानदार विचारतो, "साहेब, दुकान बदललं का?" बायको तर अजूनही माझ्या शर्टाचे खिसे तपासते... एखादी स्ट्रॉ सापडेल म्हणून.

तर, वडीगोद्री. मी, आक्का, भाऊजी आणि नव्या शर्टाची घडी मोडू नये म्हणून श्वासही जपून घेणारा आमचा भाचा अमोल, असे बैठकीत बसलो. पाणी मी गाडीतच प्यायलो होतो, त्यामुळे समोरच्या तांब्याला हात लावला नाही.

मुलगी, म्हणजे पल्लवी, ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये नेमकं तेच काळं, फेसाळ, माझं जुनं प्रेम. मी हात जोडले. "घ्या ना मामा, उन्हाचं आलात," मुलीचे वडील दत्तराव म्हणाले. मी म्हटलं, "नाही, मी घेत नाही."

दत्तरावांनी पल्लवीला ट्रे आत न्यायची खूण केली. आमच्या भागात न लिहिलेला एक नियम आहे... नकार द्यायचं ठरवून आलेला माणूस मुलीच्या घरचं काही तोंडात घालत नाही. नियम मला चांगला माहीत होता, पण आठवला ग्लास परत गेल्यावर.

लहानपणी पाठशाळेत शिकलेल्या न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून तिथे अग्नी असल्याचं अनुमान करतात. इथे माझा भरलेला ग्लास तसाच आत गेला आणि स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना अग्नी दिसला.

हात धुण्याचं निमित्त करून दत्तराव मला बाहेर नळापाशी घेऊन गेले. "खरं सांगा मामा, आमच्या भावकीतलं कोणी भेटलं का तुम्हाला? मागच्या टायमाला बी असंच झाल्तं. पाव्हण्यांनी पाण्याला हात लावला न्हाई, मंग घरी जाऊन नकार कळवला. कोणीतरी पोरीबद्दल भलतंच सांगितल्तं."

ते माझ्याकडे नाही, नळाकडे बघून बोलत होते. माझ्या जिभेवर आलेला विनोद तिथेच वाळला...

मी घाईने म्हणालो, "अहो, तसं बिलकुल नाही. तब्येतीसाठी सोडलंय." हे तर फारच चुकलं. दारामागून पल्लवीच्या आत्याबाईंचा आवाज आला, "काहून, तब्येतीला काय झालं? साखर हाये का? मामाला असली तर भाच्यात बी उतरते म्हणतात."

एका वाक्यात मी अमोलच्या येणाऱ्या पिढ्या आजारी पाडल्या होत्या.

बैठकीत परतलो तर आक्काची नजर माझ्यावर रोखलेली. वाटलं, मागवावा तो ग्लास आणि पिऊन टाकावा... प्रतिज्ञा काही गंगेत उभं राहून केली नव्हती. पण मग 'मघाशी काहून नको म्हणाले' असा नवा आक्षेप, म्हणजे शास्त्रातला पूर्वपक्ष, उभा राहिला असता.

तेवढ्यात कोणी न बोलावता पल्लवी पुन्हा बाहेर आली. हातात ताटली, ताटलीत लिंबाएवढा गुळाचा खडा. ती माझ्यासमोर ठेवली, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि म्हणाली, "मामा, थंड सोडलंय ना? मंग हे घ्या. गूळ-पाण्याला तर कोणी न्हाई म्हणत नसतं."

आवाज नम्र, नजर सरकारी वकिलाची. गूळ खाल्ला तर नकाराचा संशय खोटा आणि साखरेचाही खोटा. नाही खाल्ला तर दोन्ही खरे! पाठशाळेत गुरुजींनीसुद्धा मला इतक्या पेचात कधी धरलं नव्हतं.

मी खडा उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला. सगळं घर माझ्या जबड्याकडे बघत होतं. आत्याबाई तर दाराच्या पुढे आल्या आणि मी गिळल्याची खात्री झाल्यावरच आत गेल्या.

मग तांब्याभर पाणी प्यायलो. दत्तरावांनी उपरण्याने तोंड पुसलं... जरा जास्तच वेळ पुसलं. मग मोठ्याने म्हणाले, "अगं, पोहे आणा जल्दी!"

परतताना गाडीत अमोल एवढंच बोलला, "मामा, मला हीच पाहिजे." म्हटलं, "तिनं आधी मला पास केलंय. तुझा निकाल यायचाय."

निकाल आला. परवा साखरपुडा झाला. मांडवात सगळ्यांना कोल्ड्रिंक वाटत होते, माझ्यापुढे मात्र न मागता ताटली आली... या वेळचा खडा आणखी मोठा. आणि बाजूला, सहज उभ्या असल्यासारख्या, आत्याबाई.

हा मान होता की फेरतपासणी, अजून ठरत नाही. पण त्या दिवशी त्या पोरीने बापाची मान खाली जाऊ दिली नाही आणि माझा नेमही मोडू दिला नाही, हे विसरणार नाही. तिने पुढ्यात ठेवलेलं यापुढे संशय न घेता खाईन... निदान संशय आल्याचं दिसू देणार नाही.