गौलीगुड्यातला दवाखाना आणि दिलसुखनगरचा फलक

हैदराबादला जायचं ठरलं ते दोन कारणांनी. माझ्या मामेभावाच्या, दत्तादादाच्या, कोचिंग क्लासला पंचवीस वर्षं झाली म्हणून दिलसुखनगरला कार्यक्रम होता. आणि माझी मैत्रीण हाना नवगावकर कित्येक वर्षं म्हणत होती, की काकांचा गौलीगुड्यातला दवाखाना एकदा बघायचाय. दोघी निवृत्त, दोघींचे गुडघे अजून शाबूत. डिसेंबरअखेरची तिकिटं काढली आणि निघालो.

हानाबद्दल आधीच सांगून टाकते, कारण पुण्यातसुद्धा लोक तिला "तुम्ही ख्रिश्चन का?" असं विचारतात. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. तिचे पूर्वज अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवायचे आणि धर्माच्या नियमानं शनिवारी बंद ठेवायचे. तिनं आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. तिच्या मावशीनं लग्न केलं ते मात्र व्हिएन्नाहून जीव वाचवून आलेल्या एका दंतवैद्याशी. तेच हे काका. महायुद्धाच्या आधी ते एकटे निसटले आणि मुंबईत स्थिरावण्यापूर्वी काही वर्षं हैदराबादेत राहिले. आई, वडील आणि दोन बहिणी मागे राहिल्या. त्या चौघांना आगगाडीत घालून पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे नेलं, एवढंच त्यांना युद्धानंतर कळलं.

पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी नामपल्लीला पोचते. स्टेशनासमोरच मेट्रो आहे. रिक्षावाल्यांशी हुज्जत घालू नका, सरळ वर चढा. त्याच लायनीवर मलकपेठ, जिथे दादाचं घर आहे, आणि पुढे दिलसुखनगर. मलकपेठला उतरल्यावर एका गाडीवर इडली आणि शेंगदाण्याची पातळ चटणी खाल्ली. चटणी मागाल तितकी वाढतात. हाना तिच्या धर्माच्या नियमामुळे बाहेर मांस खात नाही, त्यामुळे बिर्याणीच्या शहरात येऊन आम्ही बिर्याणी चुकवली, याबद्दल दादानं आम्हाला दोन्ही दिवस चिडवलं.

दुपारी गौलीगुडा. बस स्टँडच्या मेट्रो स्टेशनवर उतरलं की चालत जाता येतं, फक्त हातगाड्या आणि स्कूटर यांच्यातून वाट काढायची तयारी हवी. हानाकडे काकांच्या जुन्या पाकिटावरचा पत्ता होता. गल्ली सापडली, घर नाही. त्या जागी आता स्टीलच्या भांड्यांचं ठोक दुकान आहे. आम्ही पातेल्यांच्या उतरंडीसमोर बावळटासारख्या उभ्या राहिलो. समोरच्या कुलपांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी काय शोधताय असं विचारलं. हानानं सांगितल्यावर ते उठून बाहेरच आले.

"वो जर्मन दाक्टर? मैं तो नई देखा. अब्बा सुनाते थे," ते म्हणाले. "मरीज नई रहे तो बैठ के खत लिखते थे बोलते. रोज. जवाब एक भी नई आया."

काका जर्मन नव्हते, पण हानानं ते दुरुस्त केलं नाही. तिनं फक्त विचारलं, की टेबल कुठे असायचं. अब्बांनी दाखवलं होतं तसं त्यांनी भांड्यांच्या दुकानाच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे प्रेशर कुकरचे खोके रचले होते. हाना त्या खोक्यांपाशी जाऊन थोडा वेळ थांबली, आणि भांड्यांच्या दुकानदारानंही काही घ्यायचंय का असं विचारलं नाही. आम्हाला चहा पाजून त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी हानाचा कडक उपास होता. तिच्या पंचांगातल्या तेवेत महिन्याचा दहावा दिवस. ज्यांच्या मरणाची तारीख माहीत नाही त्यांची आठवण या दिवशी करतात, आपण सर्वपित्रीला करतो तशी. काका गेल्यापासून त्या चौघांसाठी ती हा दिवस पाळते, नावं घेते. उपास म्हटल्यावर वहिनींनी भल्या मनानं रात्रीच साबुदाणा भिजत घातला होता. सकाळी त्यांना कळलं की या उपासाला पाणीसुद्धा चालत नाही, तेव्हा बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या. हाना म्हणाली, खिचडी विजूला द्या, तिला कुठलाही उपास चालतो. मी दोन वाट्या खाल्ल्या.

इथपर्यंत प्रवास छान चालला होता.

कार्यक्रम दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्यालगतच्या हॉलमध्ये होता. बक्षिसं द्यायला पाहुणी म्हणून हानालाच बोलावलं होतं. आम्ही आत गेलो आणि समोर रंगमंचभर फलक. त्यावर दादाचं हसरं चित्र, नाकाखाली ती चौकोनी मिशी, आणि मोठ्या अक्षरात "आमचे लाडके हिटलर सर", इंग्रजीत आणि तेलुगूत. दारात स्वयंसेवक मुलं कागदी मिशा वाटत होती. एकीनं हानाच्या हातातही एक ठेवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला गाठलं आणि फलक उतरव म्हटलं. का, ते त्याला समजेना. हानाच्या घरातली चार माणसं त्या माणसानं मारली, आणि आज नेमका त्यांचा दिवस आहे, असं सांगितलं.

"अगं, लेकरं प्यारनं म्हणायलेत," दादा म्हणाला. "शिस्तीचा माणूस म्हणजे हिटलर. त्यात एवढं परेशान कशाला व्हायलीस?"

शिस्त! लाखो माणसं मोजूनमापून मारण्याला आमच्याकडे शिस्त म्हणतात. सासूच्या हाताखालची सून "सासूबाई हिटलर" म्हणते, शाळेत हेडमास्तर हिटलर, सोसायटीत सेक्रेटरी हिटलर, आणि सगळे खो खो हसतात. आपल्या दैवतांच्या चित्राला कुणी नखभर धक्का लावला तर रस्त्यावर उतरणारे आपण, दुसऱ्याच्या मढ्यावर मात्र फॅन्सी ड्रेस घालतो.

पहिल्या रांगेत एका विद्यार्थ्याचे वडील बसले होते. बँकेतले अधिकारी, चांगले शिकलेले. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "कुछ तो करे होंगे ना मैडम. पूरी कौम को कोई ऐसेइच नहीं मारता."

हाना त्यांच्याकडे वळली. "मेरे काका की छोटी बहन लिली नौ साल की थी," ती म्हणाली. "उसने क्या किया होगा, आप बताइए."

ते मोबाइलमध्ये बघायला लागले. हानानं ती कागदी मिशी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि ती हॉलबाहेर पडली.

मी पुन्हा दादाकडे वळले. आता माझा आवाज चढला होता. माइकवर निवेदिका त्याचं नाव पुकारत होती, माणसं बघत होती. तो हळू आवाजात म्हणाला, "मला हे नाव ठेवलं कोणी? तूच ना, विजू?"

खरं होतं. परभणीला आजोळी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं जमायचो आणि दादा आम्हाला पहाटे उठवून पाढे म्हणायला लावायचा. त्याला हिटलर म्हणणारी पहिली मी. पुढे ते मामा-मामींच्या तोंडी बसलं, मग त्याच्या विद्यार्थ्यांच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. लिलीच्या वयाची होते मी तेव्हा, आणि मोठी झाल्यावरही कधी मागे घेतलं नाही. दादा रंगमंचावर गेला, त्या मिशीखाली उभा राहून त्यानं सत्कार घेतला, आणि मी बाहेर आले.

हाना मेट्रोच्या जिन्याशी थांबली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, आत्ता नको विजू, मला नावं घ्यायची आहेत. गर्दीत, कोचिंगच्या जाहिरातींखाली उभं राहून तिनं ती घेतली. एमिल, रोझा, ग्रेटा, लिली. मी शेजारी उभी राहिले. अंधार पडल्यावर मलकपेठला तिनं उपास सोडला, वहिनींच्या हातच्या वरणभातानं. दादा उशिरा आला आणि सरळ झोपायला गेला.

पुण्याला परतून आता तीन आठवडे झाले. सहलीला जाणाऱ्यांसाठी सांगते, डिसेंबरात हवा सुरेख असते आणि गौलीगुडा जरूर बघा. गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. कार्यक्रमानंतर क्लासच्या इमारतीवर लावलेला तो फलक त्यानं काढून टाकला होता. मुलांनी विचारलं तेव्हा वाऱ्यानं फाटला म्हणून सांगितलं.

"फाटला नाही, काढला. असं सांग," मी म्हटलं. "आणि का काढला तेही."

तो म्हणाला, "मला नाही जमायचं गं. पंचवीस वर्षं मीच मिरवायलो ते नाव. लेकरं हसतील."

रागावण्याचा हक्क मला उरला नव्हता, तरी मी रागावले. मग म्हटलं, नाव मी ठेवलं होतं, तर मी येऊन परत घेते, तुझ्या मुलांसमोर, तुझ्या वर्गात. तू फक्त बाजूला उभा राहा. तो हो म्हणाला.

येत्या शुक्रवारचं तिकीट काढलंय. या वेळी सोबत येतेस का, असं हानाला विचारलं नाही. हे काम तिचं कधीच नव्हतं.