रिकाम्या संगणकावरची मोहर

कंपनीच्या कार्यालयातून जप्त केलेला संगणक न्यायालयात पांढऱ्या कापडात शिवून, लाखेची मोहर लावून आणला होता. वरिष्ठाच्या छळाची तक्रार ईमेलने केल्यावर नोकरीवरून काढलेल्या वैशालीताई त्याकडे आशेने पाहत होत्या. न्यायालयाने नेमलेला संगणकतज्ज्ञ म्हणून मी तो तपासला; आत काहीच नव्हते. त्यांची तक्रार क्लाउडवरील, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या, आभासी सर्व्हरवर होती आणि त्यांनी दावा दाखल करताच कंपनीने तो सर्व्हरच पुसला होता.

“तो सर्व्हर आता अस्तित्वातच नाही,” कंपनीचे वकील हसून म्हणाले.

“मला काढल्याचं पत्र बरं जपून ठेवलंत!” वैशालीताई कडाडल्या.

हातात धरता येतो तेवढाच पुरावा, असे आपण अजून मानतो; म्हणून उरलेला पुरावा संगणकाला दिलेल्या एका आज्ञेने नाहीसा करणारा असा हसू शकतो.

शिपायाने शिरस्त्याप्रमाणे तो रिकामा संगणक पुन्हा काळजीपूर्वक शिवला आणि त्यावर ताजी मोहर उमटवली.