सासूबाईंची कवळी

सासूबाई वाशीला आमच्याकडे राहायला आल्या त्याला वर्ष होत आलं होतं, आणि गेल्या महिन्याभरात त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. भाकरी ताटात तशीच राहायची. दुधात पोळी कुस्करून दोन घास खाल्ले की झालं. विचारलं की म्हणायच्या, पोट भरलं. लेकीच्या घरचं खायचं नाही, हे त्यांचं जुनं खूळ परत डोकं वर काढतंय असं मला वाटलं. मी चिडलो आणि बायकोला दोन शब्द ऐकवलेही.

मग एका रविवारी सकाळी त्या चूळ भरत असताना बायकोला त्यांच्या गालाच्या आत पांढरं काहीतरी दिसलं. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं. साताऱ्याकडच्या बायका तंबाखू भाजून केलेली काळी पूड दातांना घासतात, ती मिश्री सासूबाईंनी चाळीस वर्षं लावली होती. मी मोबाइलवर नको ते वाचत बसलो. मी मुळातच काळजीखोर. घरात कुणाला साधा ताप आला तरी मनानं आयसीयूपर्यंत जाऊन येतो. दुसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या ऑफिसात एक काम धड झालं नाही.

संध्याकाळी आम्ही त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी कवळी काढायला सांगितली, पण सासूबाई ढिम्म. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं. डॉक्टर काय ते समजल्या आणि मला बाहेर थांबायला म्हणाल्या.

परत आत बोलावलं तेव्हा कवळी जागेवर होती. टाळूला आणि गालाला बुरशी धरली होती. कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवल्यामुळे हे होतं, डॉक्टर म्हणाल्या. पुसल्यावर पांढरा थर निघाला होता, खाली लालभडक होतं. पण गालातला एक डाग पुसूनही निघत नव्हता. त्यांनी औषधाचे थेंब दिले. रात्रभर कवळी पाण्यात ठेवायची, दिवसाही जमेल तेवढा वेळ काढायची. दोन आठवड्यांनी डाग तसाच असला तर तुकडा काढून तपासायला पाठवू.

मी जरा आवाज चढवूनच विचारलं, आई, तुम्ही रात्री कवळी का काढत नाही? त्या खाली बघत म्हणाल्या, "जावयापुढं बोळकं घिऊन कसं फिरायचं?"

आमचा वन बीएचके. त्यांचा दिवाण हॉलमध्ये, आणि मला पाण्याला, बाथरूमला तिथूनच जावं लागतं. म्हणजे माझ्यामुळे त्या वर्षभर दात घालून झोपत होत्या, आणि मी त्यांच्या ताटावर चिडत होतो. मला माझीच लाज वाटली.

पुढचे दोन आठवडे मी घरात कमीत कमी वावरलो. पाण्याची बाटली घेऊन बेडरूममध्ये शिरायचो, ते सकाळी बायकोनं हाक मारेपर्यंत बाहेर यायचो नाही. ऑफिसातून आलो की सोसायटीच्या बाकावर बसायचो. सासूबाईंनी कवळी घातली की बायको मिस्ड कॉल द्यायची, मग वर. वॉचमननं एकदा विचारलं, साहेब, घरात काय टेन्शन आहे का? मी हो म्हटलं. डोक्यात सारखा तो डाग. बायकोला रोज विचारायचो, कमी झाला का? ती म्हणायची, मला नाही कळत, तूच बघ. आणि नेमकं तेच मला करता येत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी कवळी काढायला सांगितली तसा मी आपण होऊन उठलो.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "बाकड्यावर बसून बसून पाठ धरली आसंल तुमची."

त्यांनी कवळी काढली आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हात पुढे केले. डॉक्टरांनी टॉर्च लावला, गाल बोटानं ओढून धरला.

"डाग गेलाय," त्या म्हणाल्या.

मला एकदम रडूच फुटलं. हातांत कवळी, त्यामुळे डोळे पुसता येईनात. ते सासूबाईंनी पदरानं पुसले.